मदत हवी आहे: चार्जर काढल्यावर प्रोसेसरचा वेग आपोआप कमी कसा करायचा?

खटपट्या: लॅपटॉपचा चार्जर काढला की बॅटरी दोन तासही पुरत नाही. दर वेळी टर्मिनल उघडून गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) पॉवरसेव्हवर नेतो, रीस्टार्ट केलं की पुन्हा पहिले पाढे. आपोआप होईल असं काही सांगा. उद्या प्रवासाला निघतोय, जरा लवकर.

रानवाट: सिस्टिम कोणती? प्रोसेसर?

निळाई: पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा. टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो, लॅपटॉप थंड राहतो.

खटपट्या: निळाई, ते विंडोजचं झालं. माझं उबुंटू लिनक्स २२.०४ आहे. इंटेल आय५, आठवी पिढी.

जुनं खोड: टीएलपी टाका, वीज वाचवणारा प्रोग्रॅम आहे. मी कित्येक वर्षं वापरतोय. चार्जर आणि बॅटरी, दोन्हींच्या सेटिंग वेगळ्या ठेवतं, हात लावावा लागत नाही.

सांजवारा: त्यापेक्षा ऑटो-सीपीयूफ्रीक बरं. कामाचा भार बघून टर्बो चालू-बंद करतं.

जुनं खोड: टर्बो बॅटरीवर सरळ बंदच ठेवावा. वेग वाढला की व्होल्टेज वाढतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत जाते. मी तर कमाल वेगही निम्म्यावर बांधलाय.

सांजवारा: टर्बोचं पटलं. पण वेग इतका बांधला तर काम रेंगाळतं आणि तेवढा वेळ स्क्रीन, रॅम सगळं जागंच राहतं. काम झटकन उरकून प्रोसेसर झोपला तर बऱ्याचदा वीज कमी लागते.

जुनं खोड: व्हिडिओ बघताना कसलं झटकन उरकणार? दोन तासांचा व्हिडिओ दोन तासच चालतो.

रानवाट: खटपट्या, गव्हर्नरच्या यादीत किती नावं दिसतात?

खटपट्या: दोनच. परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. भाराप्रमाणे वेग बदलणारं ऑनडिमांड नाहीच!

रानवाट: म्हणजे प्रोसेसरचा वेग सांभाळायला इंटेल पी-स्टेट ड्रायव्हर आहे. त्यातलं पॉवरसेव्ह वेग तळाशी बांधून ठेवत नाही, भाराप्रमाणे स्वतःच कमी-जास्त करतं. उबुंटूत बहुधा तेच आधीपासून चालू असतं, म्हणून हाताने बदलून फरक पडत नसणार. वीज दुसरीकडे जातेय. पॉवरटॉप (वीज कुठे जाते ते दाखवणारा प्रोग्रॅम) लावा आणि काही न करता डिस्चार्ज रेट, म्हणजे बॅटरीतून किती वीज जातेय, ते बघा.

खटपट्या: १४ वॅट. जास्त आहे का?

रानवाट: नुसतं बसून १४? खूपच. वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे?

खटपट्या: एनव्हिडियाचं आहे. गेम खेळत नाही म्हणून लिहिलं नाही.

रानवाट: तेच जागं असणार. प्राइम-सिलेक्ट कमांडने ग्राफिक्स इंटेलवर टाका, रीस्टार्ट करा. मग टीएलपी. त्याआधी उबुंटूचा स्वतःचा वीज सांभाळणारा प्रोग्रॅम, पॉवर-प्रोफाइल्स-डिमन, काढा, नाहीतर दोघं एकमेकांच्या सेटिंग पुसत बसतात.

निळाई: चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवलंत तर बॅटरीचं आयुष्यही वाढेल.

खटपट्या: रानवाट, ६ वॅटवर आलं! टीएलपी टाकलं, बॅटरीवर टर्बो बंद केला. मनापासून आभार. फक्त झाकण मिटून उघडलं की आकडा ९ वर जातो आणि तिथेच राहतो. हे कशामुळे?