हेरकथा आणि चोरटं प्रेम: तुमचे अनुभव लिहा

सांजवात
माळा आवरताना आईच्या ट्रंकेत एक पॉकेट बुक सापडलं. कव्हर गेलेलं, आत भाड्याच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का. शत्रूच्या राजधानीत घुसलेला आपला माणूस आणि तिथल्याच अधिकाऱ्याची मुलगी. शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचलं होतं. पाठलाग, पिस्तुलं मी तेव्हाही भराभर उलटली. थांबले ते ती दोघं चहा पितात तिथं. त्याला खरं नाव सांगता येत नाही. तो खोटं बोलतोय हे तिला कळलंय आणि ती विचारत नाही. आमच्याकडे मुलगी कुणाशी बोलली की दहा प्रश्न व्हायचे, त्यामुळे काही न विचारणारं माणूस म्हणजेच प्रेम, असं मनात बसलं. अजून तसंच वाटतं. तुम्हाला या कथांनी का धरून ठेवलं?

पेठेतला
नाद खुळा विषय! आमच्या कोल्हापुरात शिवाजी पेठेत एक पुस्तक अख्खी गल्ली वाचायची. शेवटची पानं गायब असली की कट्ट्यावर भांडणं, ती जगली का मेली. माझं रात्री लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

गंगावेस_काकू
जांभळा शिक्का म्हणजे महाद्वार रोडच्या बोळातलं काय गं? तिथले काका बायकांना असली पुस्तकं द्यायचेच नाहीत. "वहिनी, हे तुमच्यासाठी नाही." मग दिराला पाठवायचे. राग अजून गेलेला नाही माझा.

फर्मा_जुळारी
बाइंडिंगमध्ये हयात गेली. सोळा पानांचा एक फर्मा. आठ फर्मे म्हणजे १२८ पानं, गोष्ट त्यातच बसवायची. म्हणून बघा, शंभर पानं दोघं नुसती एकमेकांकडं बघत्यात आणि ताटातूट अर्ध्या पानात. छापील कागदावर पानं उलटसुलट असतात, घडी घातल्यावर क्रमानं येतात. मी घडी घालायच्या आधी वाचायचो. आधी तिचं मरण, मग त्यांची पहिली भेट. अशी वाचलेली पहिली भेट लई लागते जिवाला.

कुरुंदवाडची
आमची सगळी २०१९ च्या महापुरात गेली. पप्पांनी गच्चीवर वाळत घातली होती, पण पानं चिकटून नुसत्या विटा झालेल्या. त्यांना हेरकथांचं वेड होतं, त्या आधी वाळत घातल्या, घराचे कागद नंतर.

गंगावेस_काकू
@कुरुंदवाडची अगं बाई. पप्पा बरे आहेत ना आता?

कुरुंदवाडची
हो काकू, मस्त आहेत. आता मोबाईलवर ऐकतात, मोठ्या आवाजात 😄

पुराणवस्तू
सांजवात, खऱ्यातही असं घडलंय. पूर्व जर्मनीच्या हेरखात्याच्या मार्कुस वोल्फनं मिठ्ठास बोलणारे हेर पश्चिम जर्मनीत पेरले, सरकारी कचेऱ्यांतल्या एकट्या सेक्रेटरींशी सूत जुळवायला. 'रोमिओ' म्हणायचे त्यांना. पश्चिम जर्मनीची गाब्रिएले गास्ट १९६८ मध्ये अभ्यासासाठी पूर्वेत गेली, तिथं अशाच एकाच्या प्रेमात पडली आणि पुढं पश्चिम जर्मनीच्या गुप्तचर खात्यात राहून पूर्वेला बातम्या पुरवत राहिली. १९९० मध्ये पकडली. कादंबरीत त्याला पश्चात्ताप होतो, इथं तिला तुरुंग झाला. हे वाचल्यापासून मी अशा कथांत नायकापेक्षा तिच्याकडं बघतो.

जोतिबा_वाट
तेच म्हणते. माताहारीला १९१७ मध्ये हेर म्हणून गोळ्या घातल्या, तेव्हापासून लेखकांना बाई मारायची सवयच लागली. नूर इनायत खानवर लिहा की! टिपू सुलतानाच्या वंशातली, १९४३ मध्ये पॅरिसात ब्रिटिशांसाठी चोरून वायरलेस चालवायची. साथीदार पकडले गेले, परत ये म्हणून सांगितलं, तरी ही हलली नाही. तिलाही मारलंच, दाखाऊच्या नाझी छळछावणीत, पण ती कुणाच्या गोष्टीतली प्रेयसी म्हणून मेली नाही. कुकर लावते, येते.

टाकळीची_लेक
मी सैनिक टाकळीची. अण्णा फौजेत, सिग्नलमध्ये. पत्रावर पत्ता काय, तर ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल. नेमके कुठं आहेत, काही कळायचं नाही. सुट्टीवर आले की आई त्यांचे कपडे भिजत घालायच्या आधी खिसे उलटे करायची. रेल्वेचं तिकीट, चिठोरं, जे निघेल ते न वाचता चुलीत. मी एकदा विचारलं, बघत का नाहीस? म्हणाली, "सांगायचं असतं तर सांगितलं असतं." सांजवात, तुझी ती चहा पिणारी दोघं मला ओळखीची वाटली ती यामुळे. अण्णा काही हेर नव्हते. पण कथेतल्या बाईचं गप्प बसणं मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

सांजवात
@टाकळीची_लेक पुन्हा पुन्हा वाचतेय.

नवखा
अशी पुस्तकं आता मिळतात कुठं?

पुराणवस्तू
करवीर नगर वाचन मंदिरात विचारा आधी. १८५० पासूनचं आहे, जुनं बरंच सांभाळलंय.

पेठेतला
दुकान बंद केलं. मी आणि बायको, जात वेगळी. चिठ्ठ्या धोक्याच्या. तिच्या भावाचा आणि माझा पुस्तकांचा अदलाबदलीचा व्यवहार होता, सगळ्या हेरकथाच. शेवटच्या पानाचा वरचा कोपरा दुमडला की रंकाळ्यावर संध्याकाळी, खालचा दुमडला की येऊ नको. पुस्तक तिचा भाऊच पोचवायचा, इकडून तिकडं. एकदा माझ्यासमोर त्यानं कोपरा नखानं सरळ केला आणि म्हणाला, "पुस्तकं नीट वापर की लेका." पायाखालची जमीन सरकली. पण तिनंच कथेत वाचलेलं, खूण पुसली तर वेळ तीच, जागा बदलायची. ती थेट दुकानात आली.

गंगावेस_काकू
आणि लग्न??

पेठेतला
नोंदणी. साक्षीदार तिचा भाऊ. घरच्यांनी पोरगी झाल्यावर जेवायला बोलावलं, तांबडा-पांढरा.

जोतिबा_वाट
आले. कुकर झाला. भावाला आधीपासून माहीत होतं की काय?