रात्रभर सायकल चालवून समुद्रापर्यंत : चौदा जणांचा गट एकत्र कसा ठेवावा?

पहाटवाट (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

आमच्या सायकल गटाने येत्या पौर्णिमेच्या रात्री समुद्रकिनाऱ्यापर्यंत सायकलने जायचे ठरवले आहे. अंतर ११० किलोमीटर आहे, आम्ही चौदा जण आहोत, आणि रात्री दहाला निघून उजाडण्याच्या सुमारास किनाऱ्यावर पोहोचावे असा बेत आहे. दिवसा ६०-७० किलोमीटर सायकल चालवण्याची आम्हा सर्वांना सवय आहे. मात्र अख्खी रात्र सायकलवर आमच्यापैकी एकानेही काढलेली नाही.

वेग किती ठेवावा, दिवे कसे लावावेत, झोपेचे काय करावे, हे प्रश्न आहेतच. परंतु माझी खरी काळजी वेगळी आहे. मागच्या महिन्यात सरावासाठी आम्ही संध्याकाळी बाहेर पडलो होतो. अंधार पडल्यावर गटातील एका ताईंच्या मागच्या चाकातील हवा गेली. त्यांनी हाक मारली, पण समोरच्या वाऱ्यात ती कोणालाच ऐकू आली नाही, आणि त्या मागे नाहीत हे आमच्या ध्यानात येईपर्यंत आम्ही नऊ किलोमीटर पुढे निघून गेलो होतो. परत गेलो तेव्हा त्या सायकल रस्त्याच्या कडेला आडवी ठेवून, मागचा लाल दिवा काढून हातात धरून, येणाऱ्या गाड्यांना तो दाखवत उभ्या होत्या. त्यांनी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही, आणि तेच मला अधिक लागले. गटाची जबाबदारी माझ्याकडे आहे. तसे पुन्हा होऊ नये यासाठी नेमके काय करावे, हे मला अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

आणखी एक गोष्ट म्हणजे, गटातील चार-पाच तरुण त्याच दिवशी सायकलनेच परत यायचे म्हणून हटून बसले आहेत. त्यांना होकार द्यावा का?

मागचा स्वार

पहाटवाट, तुम्ही प्रश्न अगदी योग्य जागी धरला आहे. मी कित्येक रात्रीच्या स्वाऱ्यांमध्ये शेवटचा स्वार म्हणून गेलो आहे, त्यामुळे या एकाच मुद्द्यावर सविस्तर लिहितो.

‘सगळ्यांनी एकमेकांकडे लक्ष ठेवा’ एवढे सांगून रात्री भागत नाही, कारण जे काम सर्वांचे असते ते कोणाच्याच अंगावर पडत नाही. अंधारात मागे वळून पाहिले तर फक्त दिवे दिसतात. ते कोणाचे आहेत हे कळत नाही, आणि रस्ता वळला की तेही दिसेनासे होतात. म्हणून दोन माणसे आधीच ठरवून ठेवावीत, एक पहिला स्वार आणि एक शेवटचा. पहिल्याच्या पुढे कोणी जायचे नाही आणि शेवटच्याच्या मागे कोणी राहायचे नाही. शेवटच्याजवळ पंप, जादा ट्यूब, पॅच आणि हत्यारे असावीत; सायकल दुरुस्त करता येणारा, आणि मुख्य म्हणजे ज्याला थांबण्याचा कंटाळा नाही, असा माणूस त्या जागी नेमावा. पहिला आणि शेवटचा यांचा फोनवरून संपर्क राहायला हवा.

आता वळणांचे. जिथे रस्ता बदलतो तिथे पहिल्या स्वाराने आपल्या लगेच मागे असलेल्याला थांबवावे. त्याने रस्त्याच्या बाहेर, पण येणाऱ्यांना स्पष्ट दिसेल अशा जागी उभे राहून प्रत्येकाला दिशा दाखवावी, आणि शेवटचा स्वार दिसला की त्याच्या पुढे होऊन पुन्हा गटात मिसळावे. पुढच्या वळणावर दुसरा कोणीतरी थांबेल. ही पद्धत नीट पाळली तर दोन वळणांच्या मधल्या रस्त्यावर प्रत्येकाला आपापल्या चालीने जाता येते आणि तरीही कोणी हरवत नाही. यात एकच अट आहे, ती निघण्यापूर्वी सर्वांकडून वदवून घ्या: शेवटचा स्वार येईपर्यंत वळणावरून हलायचे नाही, मग अर्धा तास लागो किंवा त्याहून जास्त. मागे कोणाचे तरी चाक उघडलेले आहे, एवढाच त्या उशिराचा अर्थ असतो.

प्रत्येकाला एक ते चौदा असे क्रमांक द्या आणि दर थांब्यावरून निघताना ते मोठ्याने म्हणायला लावा. नुसत्या नजरेने मोजताना मी स्वतः एकदा चुकलो आहे. झाडाला टेकवून ठेवलेल्या दोन सायकली मी माणसे समजून मोजल्या होत्या.

वेगाचा हिशेब सोपा आहे. ताशी १८ किलोमीटरने ११० किलोमीटरला सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. थांबे आणि एखाददुसरे पंक्चर यांसाठी दोन तास धरले तर दहाला निघून सकाळी सहाच्या सुमारास पोहोचाल. मात्र ही चाल गटातील सर्वांत सावकाश चालवणाऱ्याला रात्रभर झेपणारी आहे का, ते पाहून घ्या. आणि कृपा करून विश्रांतीची वेळ शेवटचा माणूस थांब्यावर पोहोचल्यापासून मोजा. पुढचे लोक वीस मिनिटे बसून ताजेतवाने झालेले असतात, मागचा धापा टाकत येतो, आणि तो पाणी पितो न पितो तोच ‘चला’ म्हणून सगळे उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज असते त्यालाच ती मिळत नाही. असे तीन थांब्यांवर झाले की चौथ्यापर्यंत तो माणूस मनाने खचलेला असतो, आणि आपल्यामुळे सर्वांना उशीर होतो या संकोचाने बोलतही नाही.

दिवेकरी

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. दिव्यांविषयी माझ्याकडून थोडी भर घालतो.

गटात मागचा दिवा लुकलुकता ठेवू नये. एकटे असताना तो उपयोगी असेल, पण मागून येणाऱ्याला तासन्‌तास तो डोळ्यांत खुपतो आणि पुढच्या सायकलचे अंतर जोखता येत नाही. लाल दिवा स्थिर आणि मंद ठेवावा. शेवटच्या स्वाराचा तेवढा प्रखर असावा. पुढच्या दिव्याचा झोत खाली, रस्त्यावर पडेल असा वळवावा. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, आणि कोणी बोलण्यासाठी मान वळवताना कपाळावरच्या दिव्याचा झोत तोंडावर मारला की ती सवय क्षणात मोडते. म्हणून डोक्यावरचा दिवा फक्त दुरुस्तीच्या वेळी लावावा.

प्रत्येकाजवळ पुढचे दोन आणि मागचे दोन दिवे असू द्या. ‘आठ तास चालतो’ असे खोक्यावर लिहिलेले असते, ते बहुधा मंद प्रकाशासाठी असते; घरी एकदा दिवा लावून ठेवा आणि तुमच्या गरजेच्या प्रकाशात तो किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून पाहा. पुढच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, डायनॅमो बसवलेला असेल तर ही चिंता उरत नाही. तो साधारण ६ व्होल्ट, ३ वॅट वीज देतो, आणि आजच्या एलईडी दिव्यांना तेवढी पुरते.

परावर्तक पट्ट्या जॅकेटवर तर हव्यातच, पण त्याहून महत्त्वाच्या घोट्यांवर. पाठीवरची पट्टी दुरून नुसती चकाकते. घोट्यांवरच्या पट्ट्या पायडलबरोबर वरखाली होताना दिसल्या की समोर माणूस आहे हे चालकाच्या लगेच लक्षात येते.

पंक्चरचा सराव दिवसा करून उपयोग नाही. घरात दिवे मालवून करा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडके फिरवावे. उघडे बोट फिरवू नये, कारण घुसलेली तार केसाएवढी बारीक असते आणि ती बोटात शिरते. फडक्याचा धागा जिथे अडकतो तिथेच ती तार असते. गेल्या वर्षी आमच्यातील एकाने ती न काढताच ट्यूब बदलली आणि दोन किलोमीटरवर तेच चाक पुन्हा बसले. टायर काढताना त्यावरची अक्षरे व्हॉल्व्हपासून कुठे आहेत हे लक्षात ठेवले, तर ट्यूबला भोक जिथे पडले त्यावरून टायरमधली जागाही सापडते.

रात्रपाळी

माझी निम्मी नोकरी रात्रपाळीत गेली आहे, म्हणून झोपेविषयी आग्रहाने लिहिते.

सकाळी सातला उठलेला माणूस मध्यरात्री १७ तास जागा असतो. एवढ्या जागरणानंतर माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी मंदावते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. तुमचा निम्म्याहून अधिक रस्ता त्यानंतरचा आहे. त्यामुळे त्या दिवशी दुपारी दीड-दोन तास झोपणे हे दिवे आणि हेल्मेट यांच्याइतकेच आवश्यक समजा. झोप लागली नाही तरी अंधाऱ्या खोलीत पडून राहा.

खरी कसोटी पहाटे तीन ते पाच या वेळेत लागते. शरीराचे आतले तापमान तेव्हा सर्वांत खाली गेलेले असते; थंडी हवेत असते त्याहून जास्त वाजते, भूक मरते आणि बोलणे थांबते. गप्पा बंद झाल्या की मी सावध होते. एका स्वारीत माझ्या पुढे चाललेला मुलगा पहाटे चारच्या सुमारास हळूहळू रस्त्याच्या मध्याकडे सरकू लागला. पायडल अगदी नियमित चालू होते, पाठ ताठ होती, त्यामुळे तो पेंगतो आहे असे कोणाला वाटलेही नसते. मी नाव घेऊन हाक मारली तर उत्तर नाही. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा त्याने दचकून हँडल वळवले. त्या वेळी समोरून गाडी आली नाही, हे आमचे नशीब. तेव्हापासून तीननंतर आम्ही जोड्या करतो आणि जोडीदाराशी दर थोड्या वेळाने बोलायचेच, असा नियम पाळतो. ज्याची उत्तरे तुटक होऊ लागतील त्याला थांबवून वीस मिनिटे झोपू द्यावे. कॉफी घ्यायची असेल तर झोपण्याच्या आधी घ्यावी, कारण तिचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. खाणे आणि पाणी भुकेची वा तहानेची वाट न पाहता तासातासाला थोडे थोडे घेत राहा.

परतीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. समुद्र दिसेपर्यंत उत्साह माणसाला जागे ठेवतो. पोहोचल्यावर तो ओसरतो आणि साठलेली झोप एकदम अंगावर येते. त्यानंतर उन्हात, दिवसाच्या रहदारीत सायकलने परत निघायचे, हे मला पटत नाही. सायकली वाहून नेणारी गाडी आधीच ठरवा, आणि तिचा चालक रात्रभर झोपलेला असेल याची खात्री करून घ्या. तुमच्याबरोबर जागलेल्या कोणाच्याही हातात स्टिअरिंग देऊ नका.

मागचा स्वार

रात्रपाळी यांच्या मताला एक पुस्ती जोडतो. ब्रेव्हे प्रकारच्या, म्हणजे ठरावीक अंतर ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब स्वाऱ्यांमध्ये २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास आणि ३०० साठी २० तास मिळतात, आणि अनेक जण त्या नीट पूर्ण करतात. त्यामुळे तुमचे तरुण म्हणतात ते अंतर अशक्य नाही. मात्र ते लोक टप्प्याटप्प्याने तिथवर पोहोचलेले असतात. पहिल्याच रात्री, तेही ७० वरून थेट २२० किलोमीटर, याला मीही होकार देणार नाही.

चांदणे

पौर्णिमा निवडलीत हे फार चांगले केलेत. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि सूर्योदयाच्या सुमारास मावळतो, म्हणजे आभाळ निरभ्र असेल तर अख्खी रात्र त्याची सोबत मिळते. किनारा पश्चिमेला असेल तर पहाटे तो तुमच्या समोर समुद्रावर उतरताना दिसेल. पूर्वेला असेल तर पाण्यातून सूर्य वर येईल. इंग्लंडमध्ये लंडनच्या हॅकनी भागातून सफकच्या किनाऱ्यावरील डनिचपर्यंत सुमारे १८० किलोमीटरची ‘डनिच डायनॅमो’ ही रात्रीची स्वारी १९९० च्या दशकापासून निघते, आणि तीही जुलैतील पौर्णिमेच्या जवळच्या शनिवारी रात्रीच.

तरीही चांदण्याच्या भरवशावर दिवा मंद करू नका. पूर्ण चंद्राचा प्रकाश सूर्याच्या सुमारे चार लाखांश असतो, आणि झाडांखालून जाताना फांदीची सावली कोणती आणि खड्डा कोणता, हे त्या प्रकाशात ओळखू येत नाही.

वाऱ्याचे एक सुख आहे. स्वच्छ, शांत रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि किनाऱ्यालगत वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो, म्हणजे शेवटच्या टप्प्यात तो तुमच्या पाठीवर येण्याची शक्यता जास्त. रात्रभर नाकात धूळ आणि पानांचा वास असतो. त्यामुळे खाऱ्या वासाची झुळूक किनारा अगदी जवळ आल्यावरच जाणवते, आणि ती आली की मागच्या माणसाचेही पाय हलके होतात. मी हा क्षण प्रत्येक वेळी वाट पाहून अनुभवला आहे.

पोहोचल्यावर मात्र कोणी धावत पाण्यात जाऊ नये. पौर्णिमेच्या आसपास भरती नेहमीपेक्षा मोठी आणि ओहोटी नेहमीपेक्षा खोल असते, त्यामुळे पाण्याची ओढही जास्त असते. थकलेल्या पायांत पेटके येतात आणि झोपेअभावी निर्णय चुकतात. भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहून ठेवा, घोट्यापर्यंत पाय भिजवा आणि सायकली वाळूबाहेर ठेवा. घरी गेल्यावर त्या गोड्या पाण्याने धुऊन, पुसून चेनला तेल द्या; मीठ आणि वाळू दोन दिवसांत चेनची वाट लावतात.

पहाटवाट

सर्वांचे मनापासून आभार. काल गटाची बैठक घेतली. परतीसाठी गाडी ठरली आहे, आणि ती चालवणारे गृहस्थ रात्री घरी झोपून पहाटे निघणार आहेत. तरुणांची समजूत रात्रपाळी यांनी सांगितलेला पहाटे चारचा प्रसंग वाचून दाखवल्यावर पटली. अंतराचे आकडे सांगून ती पटली नव्हती.

शेवटचा स्वार मी स्वतः असेन. पहिल्या स्वाराच्या जागी त्याच ताईंना विनंती केली आहे. त्यांची चाल सर्वांत सावकाश आणि सर्वांत एकसारखी आहे, आणि पहिल्याच्या पुढे कोणी जायचे नसल्यामुळे गटाचा वेग आपोआप त्यांच्या हाती राहील. त्यांनी होकार देताना एवढेच विचारले की, वळणावर थांबवलेल्या माणसाला आपण मागे सोडून जातो तेव्हा तो एकटा पडत नाही ना. शेवटी मी त्याच्यापाशी पोहोचतोच, असे मी त्यांना सांगितले. या शनिवारी अंधार पडल्यावर ४० किलोमीटरवर वळणांची पद्धत आणि क्रमांक म्हणणे, या दोन्ही गोष्टी करून पाहणार आहोत. त्यात जे चुकेल ते इथे येऊन लिहीन.