बेसमेंटमध्ये पाणी: पीयू ग्राउटिंग की बॉक्स वॉटरप्रूफिंग? मदत हवी आहे (तातडीने)

बी_विंग_सचिव | १८ ऑगस्ट, रात्री ९.४०
आमच्या सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये पाणी येतंय. दरवर्षीच येतं, यंदा जास्त आहे. दोन कोटेशनं आलीत. एक म्हणतो पॅकर (भोकात बसवायचे नोझल) मारून पीयू ग्राउटिंग, म्हणजे पॉलियुरेथेन रेझिन दाबाने आत भरायचं, साडेचार लाख. दुसरा म्हणतो त्याने काही होणार नाही, सगळी जमीन फोडून आतून बॉक्स वॉटरप्रूफिंग (पेटीसारखा जलरोधक थर), अकरा लाख. रविवारी सभा आहे, ठराव घ्यायचाय. कुठलं घ्यावं एवढंच सांगा.

मुरूम_खडक | रात्री ९.५५
एवढ्यावर कोणीच सांगू शकणार नाही. पाणी कुठून येतं? भिंतीच्या मधून, भिंत आणि जमीन मिळते त्या सांध्यातून, की जमिनीतून वर? पावसाळ्यातच की बाराही महिने? इमारत किती वर्षांची? गाव कोणतं?

गच्चीवाला | रात्री १०.०२
आधी जुना कोबा पूर्ण काढा. स्लॅबवर सिमेंट स्लरी, मग वीटबाट कोबा, उतार किमान १०० ला १, पॅरापेटला ३०० मिमीपर्यंत वाटा (कोपऱ्यातली गोलाई) चढवा, वर आयपीएस (सिमेंटचा घोटलेला थर) करून चौकोन आखा. सात दिवस पाणी साठवून तपासा. डाउनटेकच्या (पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपच्या) तोंडाशी कोबा पातळ ठेवला तर तिथूनच गळतं.

मुरूम_खडक | रात्री १०.०५
ते गच्चीसाठी झालं. इथे प्रश्न तळघराचा आहे.

पॅकर_मारा | रात्री १०.२०
पीयूच घ्या. चालू पाणी थांबवणारं दुसरं काही नाही. सांध्यापासून भिंतीच्या निम्म्या जाडीइतक्या अंतरावर ४५ अंशात ड्रिल मारायचं, म्हणजे भोक सांध्याला बरोबर भिंतीच्या मध्यावर छेदतं. २३० ची भिंत असेल तर सांध्यापासून ११५ मिमी. पॅकर २०० मिमीवर. आधी पाण्याने भोक धुवायचं, नाहीतर धुळीत रेझिन अडकतं. एका टोकाकडून सुरू करायचं, शेजारच्या पॅकरमधून रेझिन आलं की पुढे सरकायचं. पाऊस चालू असतानाच करा, आत्ता गळती दिसते. जानेवारीत केलं तर नेमकी जागा सापडत नाही.

चुना_सिमेंट | रात्री १०.४१
पीयूवाले प्रत्येक रोगावर पीयूच देतात. काँक्रीटमध्ये हनीकोम्ब (मधाच्या पोळ्यासारखा पोकळ भाग) असेल तर पीयूच्या फेसाने पोकळी भरेल पण ताकद येणार नाही. तिथे सिमेंट ग्राउट हवं. १२ मिमीचे नोझल दर मीटरला, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आसपास, न आकसणारी पावडर घालून, दोन-तीन किलो दाबाने. त्यावर क्रिस्टलाइन स्लरीचे (छिद्रांत स्फटिक होऊन ती बंद करणाऱ्या लेपाचे) दोन हात, प्रत्येक हाताला चौरस मीटरला ८०० ग्रॅम ते एक किलो. खर्च निम्मा.

पॅकर_मारा | रात्री १०.४८
वाहत्या पाण्यात सिमेंट ग्राउट धुऊन जातं. आणि क्रिस्टलाइन ०.४ मिमीपर्यंतच्या भेगेत चालतं, हलणाऱ्या सांध्यावर नाही. भिंतीला डिस्टेंपर असेल तर तर चिकटणारच नाही.

बी_विंग_सचिव | १९ ऑगस्ट, सकाळी ७.३०
पुणे, बाणेर. इमारत १४ वर्षांची. पाणी भिंत आणि जमीन मिळते तिथून येतं, मागच्या बाजूला. लिफ्टच्या खड्ड्यातही साठतं, तिथे उन्हाळ्यातही थोडं असतंच. दोघंही कंत्राटदार दहा वर्षांची गॅरंटी देतात. आता सांगा, कुठला?

स्लॅब_बीम | सकाळी ८.१५
उन्हाळ्यातही असतं, हे आधी सांगायला हवं होतं, सचिव साहेब. पुण्यातल्या खडकात खोदलेलं तळघर पावसाळ्यात भरतं याचं कारण सरळ आहे. काळ्या पाषाणातून पाणी फक्त भेगांतून सरकतं, आणि भिंतीमागच्या खड्ड्यात बहुतेक वेळा बांधकामाचा राडारोडा भरलेला असतो. छपराचं आणि पेव्हरवरचं पाणी त्या राड्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. पण हे पाणी मार्च-एप्रिलपर्यंत आटायला हवं. मे महिन्यातही लिफ्टचा खड्डा ओला असेल तर दुसरा उगम आहे. जमिनीखालची पाण्याची टाकी कुठे आहे? ड्रेनेजचे चेंबर कुठे आहेत?

दुसरा प्रश्न याहून मोठा. तळघराची जमीन म्हणजे राफ्ट (सगळ्या इमारतीखाली एकसंध जाड पाया) आहे, की सुटी फुटिंग्ज (कॉलमखालचे वेगवेगळे पाये) आणि मध्ये ट्रिमिक्स (पातळ काँक्रीटची जमीन)?

बी_विंग_सचिव | सकाळी ८.४०
टाकी मागेच आहे, भिंतीपलीकडे. राफ्ट वगैरे माहीत नाही. त्याचा काय संबंध? जमिनीतून पाणी येत नाहीये, बाजूने येतंय.

स्लॅब_बीम | सकाळी ९.१०
संबंध असा. बाजूची वाट बंद केली की तेच पाणी जमिनीखाली साठतं आणि वर ढकलतं. १० सेंटीमीटर पाण्याचा दाब म्हणजे चौरस मीटरला १०० किलो. १५० मिमी ट्रिमिक्सचं वजन चौरस मीटरला ३६० किलो. म्हणजे खाली ३६ सेंटीमीटर पाणी चढलं की जमीन उचलायला लागते, मधोमध फुगते आणि तडकते. एक मीटर चढलं तर सांगायलाच नको. दोन्ही कोटेशनांत याचा विचार दिसत नाही. अकरा लाखांच्या बॉक्सचंही तेच होईल, वर नवीन कोबा टाकून वजन थोडं वाढेल इतकंच.

तपासायला सोपं आहे. दोन कॉलमच्या बरोबर मध्ये ७५ मिमीचा कोअर (काँक्रीटचा आरपार कापलेला गोल नमुना) घ्या. जाडी कळेल, खाली सळई आहे की नाही कळेल. त्या भोकात ५० मिमीचा पीव्हीसी पाइप उभा करून भोवती जलद घट्ट होणारी पावडर दाबा आणि २४ तासांनी पाइपात पाणी जमिनीच्या किती वर चढलं ते मोजा. त्यात जमिनीची जाडी मिळवली की खालून लागणारा दाब मिळतो. हा आकडा हातात आल्याशिवाय ठराव घेऊ नका.

मुरूम_खडक | सकाळी ९.३०
+१. आणि टाकीची चाचणी आज रात्रीच करा, फुकट आहे. भरणीचा आणि पंपाचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. झाकणातून टेपने पातळी मोजा, सकाळी परत मोजा. लिफ्टच्या खड्ड्यातल्या पाण्याची क्लोरीन किटने चाचणी घ्या, दोन थेंब टाकले की पिवळं होतं. पिवळं झालं तर नळाचं पाणी नक्की. न झालं तर मात्र टाकी निर्दोष ठरत नाही, मातीतून येताना क्लोरीन संपतो. बादलीत रात्रभर ठेवून तळाशी गाळ बसतो का तेही बघा. गढूळ पाणी म्हणजे पायाखालची माती वाहतेय.

पाचवा_मजला | सकाळी १०.०५
पैसे सोसायटीने का भरायचे? बिल्डरला नोटीस द्या. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत दोष निघाला तर ३० दिवसांत फुकट दुरुस्ती करायची जबाबदारी त्याची.

सातबारा | सकाळी १०.१२
इमारत १४ वर्षांची आहे, पाच वर्षं कधीच संपली. आता सिंकिंग फंड किंवा दुरुस्ती निधी. आणि पुढच्या वर्षापासून सोसायटीच्या उपविधी ७७ प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट लागेलच, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा. ते आत्ताच करून घ्या, एका इंजिनिअरच्या एकाच फेरीत दोन्ही कामं होतील.

बी_विंग_सचिव | सकाळी १०.३०
ऑडिटला आता वेळ नाही. दोन कॉलमचं खालचं प्लास्टर पडलंय आणि सळया दिसतायत, पण ते पेंटर भरून देतो म्हणालाय, त्यामुळे तो विषय नाही.

स्लॅब_बीम | सकाळी १०.४४
तोच पहिला विषय आहे. पेंटरला हात लावू देऊ नका. सळईची जाडी व्हर्निअरने मोजा. १६ ची सळई गंजून १४ झाली असेल तर दिसायला दोन मिमी, पण क्षेत्रफळ २३ टक्के गेलं. किती गंजलीय हे न बघता वर पोटीन-प्लास्टर केलं तर आत गंज चालूच राहतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणून दोन पावसाळ्यांत पुन्हा फुटतं.

क्रम असा: इंजिनिअरच्या सांगण्यावरून आधी जॅकचे टेकू, मग चिपिंग. चारही बाजू एकदम फोडायच्या नाहीत. सळईच्या मागे बोट जाईल इतकं, २०-२५ मिमी, काँक्रीट काढायचं. हेच टाळतात, पुढचा भाग घासतात आणि मागचा गंज तसाच राहतो. तारेच्या ब्रशने पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासायचं, झिंक प्रायमर, लागेल तिथे नवी सळई. १६ च्या सळईला ५० पट लॅप (जुन्या-नव्या सळईची एकमेकींलगतची लांबी) म्हणजे ८०० मिमी. मग बाँडिंग कोट, आणि तो ओला-चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर, एका थरात १०-१२ मिमी. खोली ५० मिमीच्या वर असेल तर फर्मा लावून मायक्रोकाँक्रीट. गोणीवर लिहिलंय तेवढंच पाणी, कामगार हमखास जास्त घालतात.

चुना_सिमेंट | सकाळी ११.२०
रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) लावलं तर एवढं घासावं लागत नाही.

स्लॅब_बीम | सकाळी ११.२६
पापुद्रा निघेपर्यंत घासावंच लागतं. सुट्या गंजावर कन्व्हर्टर लावलं तर वरचा थर काळा होतो, आतला तसाच. आणि जास्तीचं धुतलं नाही तर मॉर्टर धरत नाही.

बी_विंग_सचिव | २० ऑगस्ट, सकाळी ८.०५
टाकीची पातळी रात्रीत ६ सेंटीमीटर उतरली. टाकी आतून ५ बाय ४ मीटर. क्लोरीन किटने फिकट पिवळं आलं. पाणी स्वच्छ आहे, गाळ नाही. कोअरवाला उद्या येतोय. सभा पुढे ढकलली.

मुरूम_खडक | सकाळी ८.२०
२० चौरस मीटर गुणिले ६ सेंटीमीटर, १२०० लिटर. एका रात्रीत. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होते ना? जुने गेट व्हॉल्व्ह झिरपतात, पंपाच्या बाजूने तर गेलं नाही ना, बघा. तसं नसेल तर उन्हाळ्यातल्या पाण्याचा उगम सापडला.

टाकीचं काम आतून करा, पाण्याच्या बाजूने. दोन कप्पे असतील तर एकेक रिकामा करा. पावसाळ्यात पूर्ण टाकी कोरडी ठेवू नका, बाहेरच्या पाण्याने तळ उचलला जातो. आत उतरण्याआधी झाकणं उघडून पंखा लावा, वर एक माणूस कायम हवा. टाय-रॉडची (बांधताना फर्मा धरणाऱ्या सळयांची) भोकं आणि पाइप भिंतीतून जातात ती जागा आधी बघा, निम्मी गळती तिथेच असते. कोपऱ्याला वाटा, मग पिण्याच्या पाण्याला चालणारं कोटिंग, त्याचं प्रमाणपत्र मागा.

पॅकर_मारा | सकाळी ९.००
टाकी दुरुस्त झाली तरी पावसाळ्यातलं पाणी राहणारच. सांध्याला पीयू लागेल.

स्लॅब_बीम | सकाळी ९.३५
लागेल, पण शेवटी. आधी बाहेर: डाउनटेक पाइप भिंतीच्या पायाशी सुटतात ते चेंबरपर्यंत न्या, पेव्हरला भिंतीपासून दूर ५० ला १ उतार. मग आत मागच्या भिंतीलगत १५० बाय १५० ची नाली, २०० ला १ उतार, संपापर्यंत (पाणी गोळा करायच्या खड्ड्यापर्यंत). संप एक बाय एक मीटर, दोन पंप, फ्लोट आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. कोअरच्या पाइपात पाणी चढलं असेल तर जमिनीखालीही भोकं पाडलेला पाइप, भोवती २० मिमी खडी आणि जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड). चर फुटिंगच्या तळाच्या खाली नेऊ नका. संपातलं पाणी पावसाळी गटारात, ड्रेनेजमध्ये नाही. त्यानंतर जो सांधा उरेल त्याला पीयू.

आणि कंत्राटदाराला रेझिन कुठलं ते विचारा. पाणी पिऊन फुगणारी जेल आपल्याकडे आठ महिने कोरड्यात आकसते आणि जूनमध्ये सांधा परत गळतो. पाण्याने फेस होऊन घट्ट होणारं, पण नंतर पाण्यावर अवलंबून नसलेलं हवं.

बी_विंग_सचिव | सकाळी १०.१०
ठीक. पीयूवाल्याने दर रेझिनच्या किलोवर लावलाय. ते बरोबर आहे का?

पॅकर_मारा | सकाळी १०.२५
तीच पद्धत आहे. भिंतीमागे किती पोकळी आहे ते आधी कोणालाच माहीत नसतं.

मुरूम_खडक | सकाळी १०.४०
नको. राडारोड्यात कितीही किलो जातं आणि बिल फुगतं. सांध्याच्या रनिंग मीटरवर दर घ्या, पॅकर काढून भोकं भरून देणं त्यातच धरा. २० टक्के रक्कम पुढचा पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवा, दहा वर्षांच्या गॅरंटीच्या कागदापेक्षा ती उपयोगी. कोअरचा आकडा आला की इथे टाका.