मदत हवी आहे: स्कूबा शिकतोय, पण मास्कमध्ये पाणी शिरलं की जीव घाबरा होतो

नमस्कार मंडळी. नागपूरकर, वय 44. समृद्धीचे 701 किलोमीटर संपले की मग कुठे आम्हाला खाऱ्या हवेचा वास येतो. पोहायला शिकलो तेही चाळिशीनंतर. लेकीच्या हट्टापायी दोघांनी ओपन वॉटर कोर्सला, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या कोर्सला, नाव घातलं. पूलमधले धडे इथेच, समुद्रातले चार डाइव्ह दिवाळीनंतर मालवणला.

200 मीटर पोहणं झालं, 10 मिनिटं तरंगणं झालं. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारं तोंडात धरायचं साधन, काढून परत लावणंही जमलं. अडलंय ते डोळे आणि नाक झाकणाऱ्या मास्कपाशी. तळाशी गुडघे टेकून मास्कमध्ये पाणी घ्यायचं आणि नाकाने हवा सोडून ते बाहेर काढायचं, एवढंच. पण नाकाला गार पाणी लागलं रे लागलं की तोंडात रेग्युलेटर असूनही मी नाकानेच श्वास ओढतो. ठसका, आणि पुढच्या क्षणी मी उभा. पाणी छातीएवढं! लेक शेजारी निवांत बुडबुडे सोडत बसलेली.

मालवणला उभा कुठे राहणार? 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून श्वास रोखून वर धावलो तर छातीतली हवा फुगून दुप्पट होऊ पाहते, फुफ्फुस फाटू शकतं. हे वाचल्यापासून भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढलीय. प्रशिक्षक म्हणतात, "एकदा करून टाका, होते सगळं." नाही होत ना! डाइव्ह पुढे ढकलू का? की घरी काही सराव करता येतो?

प्रतिसाद 1:
भाऊ, आधी सांगा, मिशी आहे का? मिशीतून मास्क गळतो. नाकाखालची पट्टीभर कमी करून बघा. मास्कच्या कडेखाली केस अडकले तरी तेच.

प्रतिसाद 2:
मिशीचं बरोबर आहे, पण खरी गोम नाकात आहे. माझंही हेच व्हायचं. बादलीत कोमट पाणी घ्या, मास्क न लावता स्नॉर्केल (श्वास घ्यायची नळी) तोंडात धरा, चेहरा बुडवा आणि फक्त तोंडाने श्वास घ्या. घरचं कोणीतरी जवळ असू द्या. पहिल्या दिवशी दहा सेकंद टिकलात तरी पुष्कळ. जमलं की पाणी गार करा. पूलमध्ये आधी चतकोर मास्क भरा. मान थोडी वर, मास्कची वरची कड कपाळावर दाबून धरायची आणि नाकातून लांब "हूं" काढायचा. शिंकरल्यासारखा जोर नको. हुंकार चालू असेतोवर नाकाने पाणी ओढलं जात नाही आणि श्वासही रोखला जात नाही, म्हणजे तुमच्या दोन्ही भीतींवर एकच औषध. आणि प्रशिक्षकांना स्पष्ट सांगा, हे चार-पाचदा सहज जमल्याशिवाय मी मालवणची गाडी धरणार नाही. पैसे तुम्ही भरलेत.

धागाकर्ता, आठ दिवसांनी:
मिशी कातरली. बादलीत आता पाच मिनिटं राहतो, आई रोज दारात उभी राहून "काय करून राह्यला रे हा" म्हणते. काल पूलमध्ये अर्धा मास्क तीनदा रिकामा केला, एकदाच उठलो. प्रशिक्षकांनी दोन जादा वर्ग द्यायचं कबूल केलंय. मास्क पूर्ण काढणं अजून बाकी आहे. तेव्हा डोळे मिटून ठेवायचे का? मी लेन्स लावतो.