अनुभव लिहा: देवानेच मारायला सांगितलंय, त्या पानावर तुमचं काय झालं?

नमस्कार. बायबलमध्ये १ शमुवेल १५ पाशी माझं वाचन परत अडलंय. इस्राएलच्या शौल राजाला देवाची आज्ञा होते की अमालेकी लोकांना संपव, पुरुष, बायका, अंगावरची पोरं, गुरं, उंट, गाढवं, काही ठेवू नको. कारण काय तर इस्राएली लोक मिसरातून (इजिप्तमधून) निघाले तेव्हा वाटेत अमालेकींनी हल्ला केलेला, म्हणजे कित्येक पिढ्यांपूर्वी. मी श्रद्धाळू आहे, रोज वाचते, पण ती अंगावरची पोरं मला ओलांडून जाता येत नाहीत. तुमच्या ग्रंथात अशी जागा असेल तर लिहा. आपापल्याच ग्रंथाबद्दल लिहायचं, कोणाचा जास्त वाईट ही भांडणं नकोत.

*

मी संडे स्कूलला शिकवते. इस्राएली लोकांनी यरीहो शहर घेतलं ती बायबलमधली गोष्ट मुलांची लाडकी, शहराभोवती सहा दिवस रोज एक फेरी, सातव्या दिवशी सात, कर्णे वाजले, भिंत पडली, टाळ्या, आणि आम्ही सगळे तिथेच थांबतो. यहोशवा ६:२१ मध्ये म्हातारे, तरुण, बायका, सगळ्यांना तलवारीने मारलं ते आमच्या चित्रांच्या पुस्तकात नाहीच आहे. एका मुलीने विचारलं, आतल्या मुलांचं काय झालं? मी खरं ते सांगितलं. म्हणाली, त्यांनी काय केलं होतं? म्हटलं, काहीच नाही, आणि मलाही हे पटत नाही. मग पालकांचे फोन, मुलांच्या मनात शंका घालता म्हणून. शंका तिचीच होती हो, मी फक्त खोटं बोलले नाही.

*

मी इतिहासाकडे वळलो. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ यरीहोला उत्खनन केलं, यहोशवाचा जो काळ धरतात त्या काळातलं तटबंदीचं शहर तिथे सापडलं नाही. हायसं वाटलं, घडलंच नाही म्हणजे देव सुटला. मग मेशाचा शिलालेख वाचला, इसवी सनापूर्वीचं नववं शतक. इस्राएलशेजारच्या मवाबचा हा राजा लिहितो की त्याच्या कमोश देवाने सांगितलं, जा, इस्राएलकडून नबो गाव घे, आणि त्याने घेतलं, ७००० माणसं मारली, बायकापोरांसकट, देवाला वाहिली म्हणून. इथे मरणारे इस्राएली! त्या काळचे राजे असंच बोलायचे एवढं कळलं, पण हायसं वाटलेलं गेलं. घडलं नसेल तरी कोणीतरी बसून लिहिलं ना की देवाला हे हवं होतं, आणि आपण ते हात जोडून ऐकतो.

*

माझं अडलं गीतेत. पहिला अध्याय लोक भराभर उरकतात, मला मात्र तोच अर्जुन पटायचा, अंग कापतंय, गांडीव हातातून सुटतंय, समोर आजोबा आणि गुरू. टिळकांचं गीतारहस्य वाचलं, गांधीजींचं वाचलं, ते म्हणतात हे युद्ध माणसाच्या आतलं आहे. सुंदर आहे, पण शरपंजरी पडलेले भीष्म कोणाच्या आतले? मला आधार मिळाला तो महाभारताच्या स्त्रीपर्वात. गांधारी प्रेतांमधून फिरते आणि कृष्णाला शाप देते, तुला थांबवता आलं असतं, तू थांबवलं नाहीस. तो शाप घेतो, मग तिलाही दोष देतो, तेही तिथेच आहे. पण ज्याने लढ म्हटलं त्याला जाब विचारणारी बाई ग्रंथातच उभी आहे, हे मला फार मोठं वाटतं.

*

कुराण, सूरह तौबा, आयत ५, अनेकदेवपूजक जिथे सापडतील तिथे मारा म्हणणारी. ओळखीचे लोक एवढीच कापून फॉरवर्ड करतात. आधीच्या आयतीत करार पाळणाऱ्यांना वगळलंय, पुढच्या आयतीत आश्रय मागणाऱ्याला आश्रय द्या, सुरक्षित जागी पोचवा असं आहे, हे सांगून सांगून थकले. पण दुसऱ्यांना उत्तरं देण्याच्या नादात ती आयत स्वतःसाठी शांतपणे वाचायची राहूनच जाते. घरात अवघड वाटतं म्हणता येत नाही, बाहेर म्हटलं तर लगेच माझ्याच लोकांविरुद्ध वापरतात. इथे म्हणते. अवघड वाटतं.

*

धागाकर्त्या ताई, तुमच्या शौलबद्दल. तालमूद म्हणजे रब्बींच्या, ज्यू धर्मगुरूंच्या, चर्चांचा ग्रंथ, त्याच्या योमा भागात तो देवाशी हुज्जत घालतो, एका माणसाचा खून झाला तरी तोरा, म्हणजे मोशेचं नियमशास्त्र, वासराचं प्रायश्चित्त सांगते, मग इतक्या जिवांचं काय? मोठ्यांनी पाप केलं, लहानांनी काय केलं? वरून आवाज येतो, फार नीतिमान होऊ नकोस. पुढे तोच शौल याजकांना मारायला सांगतो तेव्हा आवाज येतो, फार दुष्ट होऊ नकोस. मी ज्यू नाही. शौल तिथे हरतो हे खरं, पण त्याचा प्रश्न रब्बींनी पुसला नाही, आणि प्रश्न तुमचाच आहे.

*

मी सोडलं सगळं, प्रार्थनासुद्धा. लहानपणी घरात मार पडायचा तो पण देवाच्या नावाने, आज्ञा पाळायची म्हणून. त्यामुळे संदर्भ बघा, काळ बघा हे ऐकवत नाही. एकदा तरी कोणी विश्वास ठेवणाऱ्याने म्हणायला हवं होतं की हे वाईट आहे.

*

वरच्या प्रतिसादाला: हे वाईट आहे. तुम्हाला मारलं ते, आणि त्या पोरांना मारायची आज्ञा लिहिलीय ती पण. मी विश्वास ठेवते आणि हे म्हणते.

संडे स्कूलच्या ताई, फोन आल्यावर वर्ग चालू राहिला का? मला मोठ्या मुलांना शमुवेल शिकवायचाय, पंधरावा अध्याय गाळा असं सांगितलंय आणि मला तो गाळायचा नाहीये. सुरुवात कशी करू ते लिहा ना.