‘त्याच वेळी’ म्हणजे नेमकं कधी? स्वेटरच्या नमुन्यांनी दमवल्याचे अनुभव

पुणे

भाच्यासाठी पुढून बटणांचा, व्ही गळ्याचा स्वेटर विणायला घेतलाय. नमुना इंग्रजी. पाठ आठ दिवसांत हातावेगळी झाली, त्यामुळे मी जरा हवेत होते. मग डावा पुढचा भाग आला. मुंढ्यापाशी, म्हणजे बाही जोडतात तिथे, लिहिलं होतं की मुंढ्याच्या कडेला एकाआड एक ओळीत एक टाका कमी करा, असं सहा वेळा. मग दर चौथ्या ओळीत एक, असं तीन वेळा. मी इमानेइतबारे बारा आणि बारा, चोवीस ओळी विणल्या. चहा ठेवला, पान उलटलं, तर सगळ्यात वर पुढचं वाक्य: ‘त्याच वेळी’ गळ्याच्या कडेलाही दर चौथ्या ओळीत एक टाका कमी करत जावे.

त्याच वेळी! म्हणजे मुंढा सुरू केला तेव्हापासून. अहो, मग हे आधी सांगायला काय झालं होतं?

माझा चेहरा बघून नवऱ्याने विचारलं, “काय झालं?” म्हटलं, “गळाच नाहीये.” त्याला वाटलं माझा आवाज बसलाय. आलं घालून चहा दिला.

चोवीसच्या चोवीस ओळी उसवल्या. उसवलेली लोकर नूडल्ससारखी कुरळी होऊन मांडीवर पडते ना, ती बघवत नाही. मग चौकटीची वही काढली. डावीकडे ओळीचा नंबर, पुढे दोन रकाने, मुंढा आणि गळा. ओळ २: मुंढा. ओळ ४: मुंढा, गळा. ओळ ६: मुंढा. ओळ ८: दोन्ही. ओळ १४ कोरी, १६ ला परत दोन्ही. ओळ झाली की टिक. अख्खा परिच्छेद वहीच्या एका पानात मावला आणि मला तो पहिल्यांदा कळला.

तर तुमचे अनुभव लिहा. इंग्रजी, हिंदी, आजीच्या वहीतला, कुठलाही नमुना चालेल. विणता येत नसेल, पण घरात कुणी टाके मोजत असताना हाक मारून बोलणी खाल्ली असतील, तरीही लिहा.

निफाड

आमच्याकडे थंडी खरी पडते, द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात इतकी, त्यामुळे स्वेटर हौसेचा विषय नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी त्यांची वही माझ्या हातात दिली. त्यात पहिलंच वाक्य होतं, “८० टाके घालून एक सुलट एक उलट अशा २० सुया विणाव्यात.”

मी दोन दिवस घरात सुया शोधत होते. सगळ्या मिळून सात निघाल्या, त्यातली एक वाकडी. शेवटी घाबरत विचारलं, “आई, वीस सुया कुठून आणू?” त्या हसून हसून खाली बसल्या. सुई म्हणजे ओळ! एका सुईवरचे सगळे टाके दुसरीवर आले की एक सुई झाली. त्यांना कधी वेगळं सांगावंसं वाटलंच नव्हतं, कारण त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. त्या आईच्या शेजारी बसून शिकल्या.

खरी गंमत पुढे. पाठीचं सगळं आकड्यांनिशी लिहिलेलं, आणि पुढच्या भागाला शेवटी एवढंच: “गळा नेहमीप्रमाणे.” मी विचारलं नेहमीप्रमाणे म्हणजे कसा, तर म्हणाल्या, “अगं, नेहमीप्रमाणे म्हणजे नेहमीप्रमाणे!” आणि सुया माझ्या हातातून काढून घेतल्या. मी बाजूला बसून लिहीत गेले. मुंढे झाल्यावर सुईवर राहिले ७२ टाके. त्याचे तीन वाटे: २४ खांदा, २४ गळा, २४ खांदा. गळ्याच्या २४ पैकी मधले १२ मोठ्या सेफ्टी पिनेवर काढून ठेवायचे. उरलेले सहा-सहा दोन्ही बाजूंना कमी करायचे, पण एकदम नाही. आधी दोन, मग दोन, मग एक, मग एक, दर दुसऱ्या सुईला. त्यानेच गोलाई येते. खांद्याच्या २४ ला शेवटपर्यंत हात लावायचा नाही.

हे सगळं त्या दोन शब्दांत होतं. आता वहीत त्याच ओळीखाली माझ्या अक्षरात पाऊण पान आहे.

डोंबिवली

माझं थोडक्यात. अमेरिकन नमुना, त्यात ८ नंबरच्या सुया. मी दुकानातून ८ नंबर आणल्या. मोठ्या मुलाचा स्वेटर धाकट्याला बसला, तोही पोट आत ओढून.

आपल्या दुकानांत मिळतात ते जुने ब्रिटिश नंबर. त्यात ८ म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकन ८ म्हणजे ५ मिलिमीटर. वर आणखी, आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते आणि त्यांच्याकडे जाड. आता नंबर बघतच नाही, मिलिमीटर बघते.

क्रोशेवाल्यांनीही जपा. अमेरिकन नमुन्यातला ‘डबल’ म्हणजे ब्रिटिश नमुन्यातला ‘ट्रेबल’, आपला साधा खांब. नमुना कुठला ते न बघता सुरुवात केली, तर टोपी करायला जावं आणि वाटी व्हावी.

इंदूर

इथे आम्ही मराठी घरात बोलतो आणि स्वेटर हिंदीत विणतो. टाक्याला फंदा, सुईला सलाई. पाठ नि पुढा म्हणजे पल्ले. (निफाडच्या ताई, सलाईचंही तसंच, ती वस्तूही आणि ओळही.)

यांच्यासाठी बिनबाह्यांचा, पुढून उघडा स्वेटर करत होते. डावा पल्ला छान झाला. उजव्यासाठी पुस्तिकेत एकच ओळ होती. बाएं पल्ले की तरह बुनें, घटाई उल्टी ओर करें. आता ‘उल्टी ओर’ म्हणजे विरुद्ध कडेला, हे मला आज कळतंय. तेव्हा वाटलं, उलट बाजूच्या ओळीत. म्हणून कड तीच ठेवली आणि टाके तेवढे उलट ओळींत कमी केले. फार विचार करून केलं हो. शिवायला घेतले तर दोन्ही डावे.

हे म्हणाले, “राहू दे, एक मला, एक तुझ्या भावाला.”

निफाड

इंदूरच्या ताई, अख्खा स्वेटर सुलट-सुलट विणलेला असता तर दोन्ही बाजू सारख्या दिसतात, पलटला की डाव्याचा उजवा झाला असता. एक ओळ सुलट एक उलट असेल तर सुटका नाही.

मी हल्ली दोन्ही पुढचे भाग एकाच सुईवर घेते, लोकरीच्या दोन गुंड्यांनी. इकडे मुंढ्याला कमी केलं की लगेच तिकडेही. चुकले तरी दोन्हीकडे सारखं चुकतं, मग ते डिझाइन वाटतं.

श्टुटगार्ट

वाचून बरं वाटलं. माझी कथा जर्मन.

इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात लोकरीच्या दुकानातून वेण्यांच्या स्वेटरचा नमुना उचलला. माझं जर्मन तेव्हा भाजी आणण्यापुरतं. टाक्याला इथे ‘माशं’ म्हणतात आणि दोन-चार असले की ‘माशन’, त्यामुळे घरात आठवडाभर मासळीबाजाराचे विनोद झाले. पण अडचण पुढे होती. नमुन्यात सगळीकडे रेख्ट्स आणि लिंक्स. मला शिकवलेलं, रेख्ट्स म्हणजे उजवीकडे, लिंक्स म्हणजे डावीकडे. दोन टाके उजवीकडे, दोन टाके डावीकडे! वेणीचा नमुना असल्याने मला ते खरंही वाटलं, टाके उजवीकडे-डावीकडे वळवायचे असतील. संध्याकाळभर वळवले. शेजारच्या आजींनी ते बघितलं आणि हळूच माझ्या हातून काढून घेतलं. रेख्ट्स म्हणजे सुलट टाका, लिंक्स म्हणजे उलट. बास, एवढंच.

मग तक्ता. त्यात ओळींचे नंबर १, ३, ५, ७. मला वाटलं छपाईत जागा वाचवलीय, म्हणून मी एकाखाली एक तशाच विणल्या. वेणीचा एक पीळ पुढून, दुसरा पाठीमागून, दोरखंड सुटल्यासारखा प्रकार. तळाला बारीक अक्षरात वाक्य होतं, परतीच्या ओळीत टाके जसे दिसतात तसे विणावेत. यावर मी खूप विचार केला. कुणाला दिसतात तसे? आजींनी काम उलटं करून माझ्यासमोर धरलं आणि बोट ठेवलं. हा बघ, गळ्यात आडवी गाठ आहे, हा उलट दिसतोय, उलट विण. हा इंग्रजी व्हीसारखा गुळगुळीत आहे, हा सुलट. तक्त्यात फक्त समोरच्या ओळी काढतात, परतीच्या तुम्ही सुईवर बघून विणायच्या.

त्या दिवशी मी कागदाऐवजी विणकाम वाचायला शिकले. आता टाका गळला तर किती ओळी खाली गेलाय, हे न मोजता सांगू शकते.

ठाणे

मी पुरुष, निवृत्त, आणि दोन वर्षांपासून विणतो. आधीच सांगून टाकलं म्हणजे नंतर प्रश्न नकोत.

डोंबिवलीच्या ताईंच्या सुयांवरून आठवलं. माझ्या पहिल्या स्वेटरला नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके सांगितले होते. मी आळस केला, चार बोटं रुंदीचा तुकडा विणला, त्यातले दोन सेंटिमीटर मोजले आणि ‘बसतंय साधारण’ म्हणून २२० टाके घातले. हिशोबाने घेर १०० सेंटिमीटर यायला हवा. माझा हात सैल, मला १० सेंटिमीटरला २० च टाके येत होते. २२० टाक्यांचा घेर ११० आला. नोकरीत ज्या माणसाने दुसऱ्यांच्या मोजमापातल्या चुका काढल्या, त्याची ही गत. आता हातभर तुकडा विणतो, धुतो, वाळवतो आणि मधले १० सेंटिमीटर मोजतो. कडेचे टाके खोटं बोलतात.

पण मला लिहायचंय ते पुण्याच्या ‘त्याच वेळी’बद्दल. मुलगी ओसाकाला असते. तिने विणकामाचं जपानी पुस्तक आणून दिलं. एक अक्षर वाचता येत नाही, आणि आजवर वापरलेल्या नमुन्यांत मला तेच सगळ्यात सोपं गेलं. कारण त्यात परिच्छेद नाहीतच, आकृती आहे. स्वेटरच्या प्रत्येक भागाची बाह्यरेषा, वर मापं, आणि कडेला आकडे. २-१-६ म्हणजे दर २ ओळींना १ टाका कमी, असं ६ वेळा. ओळी, टाके, वेळा. वाचायचं खालून वर, कारण स्वेटर खालून वर वाढतो.

तुमचा तो मुंढा त्या पद्धतीत असा येईल: खाली २-१-६, त्याच्या वर ४-१-३. आणि आकृतीच्या दुसऱ्या कडेला, गळ्याच्या रेषेशी, ४-१ आणि जितक्या वेळा असेल ते. दोन्ही रेषा एकाच उंचीवर सुरू झालेल्या डोळ्यांना दिसतात, ‘त्याच वेळी’ लिहावंच लागत नाही. वाक्यात एकामागून एकच सांगता येतं आणि सुईवर दोन्ही कडा एकदमच येतात, गोंधळ तिथला आहे. तुम्ही चौकटीच्या वहीत जे केलंत ते जवळपास हेच.

मी आता इंग्रजी नमुना आला की आधी त्याची आकृती काढतो, मग सुया उचलतो. बायको म्हणते, घर बांधतोयस की स्वेटर?

पुणे

ठाण्याचे काका, रात्री बसून आकृती काढली. डावा भाग कागदावर पहिल्यांदाच माणसाच्या अंगाला बसेल असा दिसला. आरशात धरतात तशी ती उलटी काढून उजवाही तयार केला, इंदूरच्या ताईंना स्मरून कागदावर मोठ्या अक्षरात ‘उजवा’ लिहिलं. आणि काढता काढता लक्षात आलं की बाहीच्या गोलाईलाही पुढच्या पानावर एक ‘त्याच वेळी’ आहे. ते आत्ताच लाल पेनाने गोल करून ठेवलंय.

उजव्या भागाची ओळ १८ चालू आहे. कोरी आहे, म्हणून लिहायला जमलं. २० ला दोन्हीकडे कमी करायचे आहेत, तेव्हा मध्ये कुणी काही विचारू नका.