इंजिनिअरिंगमध्ये डिझाइन नेमकं कुठे शिकायचं?

रावपुऱ्याचा मेकॅनिकल:
मी बडोद्यात तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला आजीसाठी चकलीचा सोऱ्या केला. तिची बोटं संधिवातानं आखडलीत, जुन्या पितळी सोऱ्याची मूठ तिच्याच्यानं फिरत नाही. आट्यांची गणितं केली, दांडा दुप्पट लांब केला, जोर निम्म्यावर आला. गुण उत्तम पडले. घरी आजीनं दोन फेरे फिरवून सोऱ्या बाजूला ठेवला: दांडा लांब, त्यामुळे खांदा भरून आला. हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. दोन क्रेडिटचं ‘डिझाइन थिंकिंग’ झालं, पण नुसतं स्लाइडवर. यासाठी वेगळी पदवी लागते का?

दांडिया बाजार:
लागते. डिझायनर व्हायला चार वर्षं स्टुडिओत घासावं लागतं. अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, १९६१ पासून तेच करते.

अप्लाइड आर्टची काकू:
बाळा, तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी फाइन आर्ट्सला अप्लाइड आर्ट शिकले, पुढे तीस वर्षं पॅकेजिंगचं काम केलं.

एनआयडी निघाली त्याच्या मुळाशी चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याचा १९५८ चा अहवाल आहे. त्यात त्यांनी साधा लोटा घेतला आणि विचारलं: पाणी किती मावतं, कमरेवर घेतला तर तोल कसा राहतो, ओतताना कसा, हाताला कसा लागतो? तुझ्या सोऱ्याला हेच प्रश्न कोणीतरी पहिल्याच वर्षी विचारायला हवे होते.

आणि हे बडोद्याला नवं नाही. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख. ड्रॉइंग, सुतारकाम, विणकाम, रंगाई एकाच ठिकाणी. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. त्याच कलाभवनाची पुढे इथल्या सयाजीराव विद्यापीठात टेक्नॉलॉजी फॅकल्टी झाली. फाइन आर्ट्स १९५० मध्ये वेगळी निघाली. तिथेही के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा चित्रकार फॅकल्टीच्या मेळ्यासाठी लाकडी खेळणी करायचा. आज विद्यापीठ एकच, पण होम सायन्समध्ये कापड जाणणारी मुलगी आणि तुझ्यासारखा आटे जाणणारा मुलगा एका टेबलाशी कधी बसत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं.

पदवी वेगळी असू दे. पण इंजिनिअरिंगच्या प्रत्येक वर्षी एक तरी वस्तू वापरणाऱ्याच्या हातात देऊन, त्याच्यासमोर बसून बघायची, मग मोडून पुन्हा करायची. आणि गुण त्या दुसऱ्या खेपेला.

दांडिया बाजार:
काकू, हे पटलं. मुंबईच्या आयआयटीत आयडीसी हा डिझाइनचा विभाग १९६९ पासून इंजिनिअरांच्या शेजारीच आहे. पण दुसऱ्या खेपेला वेळ कुठून आणायचा? सेमिस्टर चार महिन्यांचं.

अप्लाइड आर्टची काकू:
पहिली खेप पुठ्ठ्याची करा. दोन दिवसांत होते.

रावपुऱ्याचा मेकॅनिकल:
काकू, काल भाजणी भिजवून आजीसमोर बसलो. ती सोऱ्या ताटावर धरतच नाही, मांडीशी टेकवते. माझं सगळं गणित उभ्या सोऱ्याचं होतं. आज पुठ्ठा आणलाय.